घुमतंय का?

सहदेव घाडीची सगळी नोकरी संशय घेण्यात गेली होती. पालिकेच्या पाणी खात्यात तो गळती शोधायचा. रस्ता वरून खडखडीत कोरडा असला तरी त्यावर लोखंडी सळई उभी धरायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि खालच्या नळातलं पाणी गुमान चाललंय की कुठे फसफसतंय ते ऐकायचं. वर सगळं आलबेल दिसतंय म्हणजे खाली नक्की काहीतरी शिजतंय, हे त्या नोकरीने त्याच्या हाडीमाशी भिनवलं. निवृत्त होताना सळई त्याने खात्याला परत केली, संशय मात्र घरी आणला. दिंडोशीच्या वसाहतीत शेजाऱ्याने सकाळी जरा जास्त गोड हसून नमस्कार केला, तर हा गृहस्थ दुपारपर्यंत त्यामागचं कारण शोधत बसायचा.

जगात एकाच माणसावर त्याने कधी संशय घेतला नव्हता, तो म्हणजे मरोळ गावठाणातला क्लेमेंट डिमेलो. दोघं एकाच टोळीत होते. सहदेवने ऐकायचं, मग क्लेमेंटने ऐकायचं, आणि दोघांच्या माना एकदम हलल्या तरच कुदळ लागायची. क्लेमेंट व्हायोलिन वाजवायचा आणि सहदेव पखवाज, त्यामुळे कानाच्या बाबतीत दोघांनाही आपण लाखात एक आहोत असं वाटत असे. साहेब लोकांनी हा समज कधी मोडला नाही, कारण काम फुकटात नीट होत होतं.

सहदेवचा पखवाज त्याच्या बापाचा होता. शिसवीचं खोड, कणकवलीहून डोक्यावरून आणलेलं. बाप गिरणीत कामाला, राहायला चाळीतली एक खोली. संध्याकाळी तो डाव्या पुडीच्या चामड्याला ओली कणीक थापून बसला आणि पंजा मारला, की पलीकडचा भाडेकरू भिंत ठोकायचा. मग बाप हसून हात आवरता घ्यायचा. जन्मभर त्याने हात आवरूनच वाजवलं. पुढे मंडपात कधी भजनाची बारी मिळाली तर समोर कर्णे लावलेले, त्यातून पखवाज पत्र्यासारखा ऐकू यायचा. "ह्येचो घुमारो कोणी पुरतो आयकूकच नाय रे," असं तो एकदाच म्हणाला होता. ते सहदेवने मनात जपून ठेवलं होतं.

आता सहदेवचा डावा खांदा गेला होता. हाडांच्या डॉक्टरने सरळ सांगितलं, हे ठोकणं बंद करा. सहदेवने अर्थातच दुसऱ्या डॉक्टरला विचारलं, मग तिसऱ्याला. तिघांनी एकच सांगितल्यावर तिघंही एकमेकांना सामील असावेत असं त्याला वाटलं, पण रात्री कूस बदलता येईना तेव्हा त्याने ऐकलं. एक शेवटची बारी वाजवायची आणि मग पखवाज लेकीच्या, श्रुतिकाच्या, स्वाधीन करायचा, असं ठरलं. श्रुतिका वसाहतीतल्या भजनी मंडळाची बुवा होती. पेटी घेऊन गायला बसली की भल्याभल्यांना खाली बघायला लावायची.

नेमकं तेव्हाच क्लेमेंटने निरोप आणला. मरोळला नवं सभागृह झालं होतं आणि तिथे उपनगरातल्या कलाकारांची एक संध्याकाळ ठरली होती. आधी क्लेमेंटचं व्हायोलिन, चर्चमधल्या चार वादकांसकट. मध्यंतरानंतर दिंडोशीचं भजनी मंडळ.

"खरा हॉल आहे रे," क्लेमेंट म्हणाला. "वाद्यांना कर्णे नाहीत, काय नाहीत. वाजवलेलं जसंच्या तसं शेवटच्या खुर्चीपर्यंत जातं. आणि साउंड सगळा माझ्या पोरीच्या, व्हेनेसाच्या हातात."

सहदेवने त्या रात्री बापाच्या फोटोकडे बघून मान हलवली. शेवटची बारी, आणि तीही अशा जागी. बापाचा घुमारा एकदा तरी भरल्या जागी पुरता ऐकू जावा, एवढंच त्याला हवं होतं.

पहिल्या तालमीला व्हेनेसाने त्यांना हॉल दाखवला. साउंडचं शिकून आलेली पोरगी, कानात दोन-दोन डूल, हातात पाटीएवढी स्क्रीन. भिंतींना लाकडी पट्ट्या लावलेल्या होत्या आणि त्या पट्ट्यांच्या पुढे जाड लोकरी पडदे होते, मोटरवर वरखाली होणारे.

"प्रत्येक वाद्याला वेगळा हॉल लागतो, अंकल," ती म्हणाली. "डॅडींच्या व्हायोलिनला पडदे सगळे वर. उघडं लाकूड लागतं, म्हणजे सूर जरा रेंगाळतो. कोणी भाषण करणार असेल तर सगळे खाली, आवाज चिकटून राहतो. तुमचं मधे कुठेतरी. ते आपण शोधू."

"म्हणजे हॉल तुझ्या बोटावर नाचतो," सहदेव म्हणाला.

"तसंच समजा," ती हसली. सहदेवला ते हसू तेव्हा गोडच वाटलं होतं.

पडद्याची खालची कड त्या दिवशी बाहेर पडायच्या दारावरच्या हिरव्या पाटीला टेकलेली होती. श्रुतिकाने कणीक मळून दिली, सहदेवने ती पुडीवर थापली आणि पंजा सोडला. खोडाच्या पोटातून जो आवाज निघाला, तो भिंतीपर्यंत जाऊन आला आणि त्याच्या छातीत उतरला. झांजा धरलेल्या बायकाही क्षणभर थांबल्या. सहदेवच्या डोळ्यांत पाणी आलं.

मागच्या खुर्च्यांतून व्हेनेसाने ओरडून विचारलं, "अंकल, घुमतंय का?"

"घुमतंय!" सहदेव दोन्ही हात वर करून ओरडला. "काय घुमतंय, बाय!"

"ओके, ओके, करते," ती म्हणाली आणि स्क्रीनवर वाकली. पट्ट्यांमागे मोटर गुरगुरली, पडदा थोडा खाली आला. ही काहीतरी रोजची झाडलोट असेल असं सहदेवला वाटलं आणि त्याने लक्ष दिलं नाही.

पुढच्या रविवारी पखवाज कमी बोलला. सहदेवने आधी कणकेला दोष दिला. श्रुतिकाने पीठ कुठून आणलं, पाणी किती घातलं, मॉलच्या पिठात मैदा मिसळतात की काय, याची चौकशी झाली. मग एसीवर राग निघाला, की गार वारा कणीक सुकवतो. त्याने पुडीवर ओलं फडकं टाकून ठेवलं. तरीही आवाज भिंतीपर्यंत जायचा आणि तिथेच बसायचा.

"अंकल, घुमतंय का?" मागून विचारणा झाली.

पोरीचं मन कशाला मोडा, म्हणून सहदेव म्हणाला, "घुमतंय गं. थोडं थोडं घुमतंय."

"अजून?" व्हेनेसाच्या कपाळाला आठी पडली. मोटर पुन्हा गुरगुरली आणि पडदा पाटीच्या पार खाली आला.

त्या एका "अजून?"ने सहदेवची झोप उडवली. अजून म्हणजे काय? अजून घुमतंय, म्हणजे एव्हाना घुमायचं बंद व्हायला हवं होतं? चांगलं चाललंय म्हटल्यावर कपाळाला आठी कोणाच्या पडते? ज्याला ते चांगलं नको असतं त्याच्या. रस्ता कोरडा होता, पण खाली फसफस सुरू झाल्याचं त्याला स्वच्छ ऐकू आलं.

त्यानंतरच्या रविवारी तो मुद्दाम लवकर गेला आणि मागच्या अंधाऱ्या रांगेत बसून राहिला. स्टेजवर क्लेमेंट वाजवत होता. पडदे सगळे वर, लाकूड उघडं. क्लेमेंटने गज उचलला तरी सूर हवेत राहत होता, मजेत फिरत होता. व्हेनेसा बापाकडे बघून डोलत होती. मग भजनी मंडळाची वेळ झाली आणि सहदेवच्या डोळ्यांदेखत तिने बोट फिरवलं, आणि भिंतीभर पडदे खाली आले. बापाला उघडा हॉल आणि भजनाला गोधडी!

सहदेव स्टेजवर बसला तेव्हा त्याने मनाशी परीक्षा ठरवलेली होती. "अंकल, घुमतंय का?" आलं, तसा तो मोठ्याने म्हणाला, "नाही घुमत. अजिबात घुमत नाही."

व्हेनेसा उडालीच. "नाही? खरंच? वॉव! झकास! फायनली!" तिने दोन्ही अंगठे वर केले. "आता हे असंच लॉक करते हां, अंकल. कोणाला हात लावू देत नाही."

पखवाज मेला म्हणून सांगितलं आणि पोरगी आनंदाने नाचली. आता आणखी काय पुरावा हवा होता? सहदेवने कणीक खरवडून काढली आणि पखवाज खोळीत घातला.

घरी श्रुतिका म्हणाली, "बाबा, तिला सरळ विचारा ना काय चाललंय ते."

"चोराक कोण विचारता गो, चोरी केलंस काय म्हणान?"

"ती चोर कशाला होईल? लहानपणी आपल्याकडे गणपतीला येऊन रात्रभर झांज वाजवायची."

"तेवा ल्हान होता ता. आता माका सगळा कळता." आणि त्याने एकेक धागा तिच्यापुढे मांडला. पहिल्या भागात व्हायोलिन गाजायचं, दुसऱ्या भागात भजन पडायचं, लोक घरी जाताना कोणाचं नाव घेणार? बारी कोणी ठरवली? क्लेमेंटने. हॉल कोणाच्या हातात? क्लेमेंटच्या पोरीच्या. सगळं इतकं नीट जुळलं, की जुळलंय म्हणूनच श्रुतिकाला ते खोटं वाटलं. पण बापापुढे तिचं काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी सहदेव मरोळला गेला. क्लेमेंट अंगणात खुर्ची टाकून व्हायोलिनच्या तारा पुसत बसला होता. मागे ओटीच्या भिंतीवर त्यांच्या घरचा घुमट टांगलेला होता. लग्नाकार्यात काखेत धरून वाजवायचा मातीचा, एका तोंडाला चामडं ताणलेला. क्लेमेंटने चहा सांगितला. सहदेवने तो नको म्हटला आणि उभ्यानेच सुरुवात केली.

"तुझी पोरगी माझा पखवाज मारते."

"काय करते?"

"मी घुमतंय म्हटलं की पडदा सोडते. घुमत नाही म्हटलं की नाचते. तुझ्या वेळेला सगळं उघडं, माझ्या वेळेला गोधडी. मला काय कळत नाही? तीस वर्षं गळती शोधलीय मी."

क्लेमेंट आधी हसला, मग त्याला कळलं की हा गंमत करत नाहीये. "सहदेव, डोकं फिरलंय का तुझं? ती तुझ्या पडद्यांपायी जेवण विसरलीय. रोज मला म्हणते, अंकलच्या वेळी हॉल बिघडतो, काय करू?"

"बिघडतो कसा? बिघडवतात." आणि मग सहदेवच्या तोंडून ते गेलं. "तुमच्या लोकांना आमचं भजन खुपतं. आजचं नाही हे."

क्लेमेंटच्या हातातलं फडकं थांबलं. तो सहदेवकडे बघत नव्हता, सहदेवच्या मागे बघत होता. फाटकात व्हेनेसा उभी होती, खांद्याला बॅग, हातात पावाची पिशवी. तिने सगळं ऐकलं होतं.

ती पुढे आली, शांतपणे. "अंकल, तुम्ही दर रविवारी कम्प्लेंट करत होता ना, घुमतंय म्हणून?"

"कम्प्लेंट?" सहदेव म्हणाला. "कसली कम्प्लेंट? मी खूश होऊन सांगत होतो, घुमतंय म्हणून!"

"घुमतंय म्हणजे वाईट ना? चर्चमध्ये फादरचा माईक घुमला की सगळे ओरडतात, घुमतंय, घुमतंय, काय कळत नाही. हॉलमध्ये कोणी पण आलं की हेच बोलतं. तुम्ही एवढे हात वर करून ओरडलात, मला वाटलं वाट लागली. म्हणून पडदे सोडत गेले. तरी तुम्ही म्हणता घुमतंय. मी माझ्या सरांना फोन करकरून विचारलं, भिंतीत काय चुकलंय का." तिचा आवाज इथे जरा हलला. "मग तुम्ही म्हणालात, नाही घुमत. मला वाटलं सुटले."

पखवाज घुमला म्हणजे तो बोलला, त्यात जीव आहे, असा अर्थ सहदेवच्या घरात तीन पिढ्या चालत आला होता. त्याच शब्दाला कोणी तक्रार समजेल हे त्याच्या सात जन्मांत ध्यानात आलं नसतं.

क्लेमेंट हळूच म्हणाला, "व्हेनेसा, हा मागे टांगलाय त्याचं नाव काय गं?"

तिने भिंतीकडे बघितलं. "घुमट," ती म्हणाली. तिचंही चुकलं होतं हे तिला त्या क्षणी कळलं असावं, कारण ती थोडी लाल झाली. पण मग तिने सहदेवकडे तोंड फिरवलं. "शब्द माझा चुकला, अंकल. तुमच्या लोकांना, असं तुम्ही म्हणालात ते काय चुकून नव्हतं." ती आत गेली आणि पावाची पिशवी तेवढी ओटीवर राहिली.

सहदेवला माफी मागायची होती. त्याने तिच्यामागे ओटीकडे एक पाऊल टाकलं. क्लेमेंटने तारा पुसायला घेतल्या आणि तो म्हणाला, "जा आता तू." इतक्या वर्षांत क्लेमेंटने त्याला कधी जा म्हटलं नव्हतं.

शेवटच्या तालमीला सहदेव गेलाच नाही. कुठल्या तोंडाने जायचं? कार्यक्रमाच्या दिवशी तो विंगेत पखवाज मांडीवर घेऊन बसला आणि त्याला घाम फुटला, एसी असून. इतके दिवस त्याने व्हेनेसावर विनाकारण संशय घेतला होता. आज तिला कारण होतं, आणि ते त्यानेच तिच्या हातात नेऊन दिलं होतं. हॉल अजून तिच्याच बोटावर होता. पडदे तिने तळाला टेकवले तर विचारणार कोण, आणि कुठल्या हक्काने?

क्लेमेंट वाजवून आला. लोक टाळ्या थांबवत नव्हते. विंगेतून जाताना तो सहदेवजवळ थांबला नाही, पण अगदी निघूनही गेला नाही. स्टेजच्या पडद्याच्या दोरीशी उभा राहिला.

मध्यंतर संपलं. मंडळ स्टेजवर बसलं आणि सहदेवने आधी भिंतींकडे बघितलं. पडदे सगळे खाली होते. अगदी जमिनीपर्यंत. बापाचा पखवाज, शेवटची बारी, भरलेला हॉल, आणि गोधडी! केलंच पोरीने, असं त्याच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं, की मी तिच्या जागी असतो तर मीही केलं असतं. श्रुतिकाने पेटीवरून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली आणि कणीक थापली.

निवेदकाने मंडळाची ओळख करून दिली, सावकाश, शब्द न् शब्द कळेल असा. तो नमस्कार करून आत गेला, आणि पट्ट्यांमागे मोटर गुरगुरली.

सहदेवने मान वर केली. पडदे वर चालले होते. जमिनीपासून सुटले, खुर्च्यांच्या वर आले, दाराच्या उंचीला आले. हिरव्या पाटीला कड टेकली आणि मोटर थांबली. पहिल्या दिवसाची जागा. तो हात वर करून ओरडला होता ती. पडदे खाली होते ते निवेदकाच्या बोलण्यासाठी, एवढं साधं त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

स्टेजवरच्या छोट्या स्पीकरमधून व्हेनेसाचा आवाज आला. सगळ्यांना विचारतात तसाच, कोरडा. "स्टेज, ओके?" अंकल नाही, घुमतंय का नाही.

सहदेवने श्रुतिकाचा माईक ओढून घेतला. झांजवाल्या बायका चपापल्या. पखवाजवाला बारीआधी बोलत नसतो.

"व्हेनेसा बाय," तो म्हणाला, आणि घसा खाकरला. भरलेला हॉल ऐकत होता. स्वतःच्या पखवाजाबद्दल असं चारचौघांत बोलणं त्याला मरणाहून जड होतं, बाप फोटोतून बघत असल्यासारखं वाटत होतं. तरी तो बोलला. "नाही घुमत. तुझ्या भाषेत सांगतो. अजिबात घुमत नाही. एवढा चांगला हॉल मी जन्मात बघितला नाही. माझं चुकलं, ते शब्दाचं नव्हे. दुसरं. ते फार चुकलं."

लोकांना काही कळलं नाही. कोणीतरी हसलंही. मंडळातल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं, की ह्यांना आज झालंय काय. सहदेवने माईक परत दिला, हाताला कणीक लागली होती ती माईकलाही लागली.

मग स्पीकर खरखरला.

"आणि तुमच्या भाषेत, अंकल?"

विंगेत क्लेमेंटने मान तिरकी केली, सळईला कान लावायचा तशी. सहदेवने डावा हात उचलला, खांदा ओरडला त्याच्याकडे लक्ष दिलं नाही आणि आवरून न घेता पुरता पंजा सोडला. घुमारा खोडातून निघाला, खुर्च्यांवरून गेला, शेवटच्या भिंतीला लागला आणि सावकाश परत आला. पलीकडून कोणी भिंत ठोकली नाही.